मुरतंयराव आणि विकत न मिळणारी गाडी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘मुरतंयराव’ म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण पाठ वळली की म्हणतेच. कारण ह्यांच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य: “कुठेतरी पाणी मुरतंय.” साबणवाल्याने भाव कमी केला, पाणी मुरतंय. त्यानेच भाव वाढवला, तरी पाणी मुरतंय. शेजारचा टेलर एकदा आपणहून हसून गेला, तर हे दुपारपर्यंत अस्वस्थ. “त्याचं काय काम असेल गं आपल्याकडे?” काही काम नव्हतं. माणूस हसला, एवढंच. पण ते ह्यांना कोण सांगणार!

आमची लॉन्ड्री आहे. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. मशीन, इस्त्री आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझ्याकडे, गाडी ह्यांच्याकडे. धुतलेलं पोचवायचं, मळकं उचलून आणायचं. दुपारी हे परत आले की आम्ही दोघं मिळून चादरींच्या घड्या घालतो. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतातच. समोरासमोर उभं राहायचं, दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, जवळ यायचं, टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, पुन्हा मागे. इतकी वर्षं झाली, आता बघावं लागत नाही. हात पुढे केला की समोरचा हात तिथे असतो. आमची भांडणं चादर धरूनच झाली, आणि भांडणं मिटलीही चादर धरूनच, कारण अबोला धरून घडी बसत नाही.

गाडीला मात्र मला हात लावायची सोय नव्हती. मला गाडी येते बरं का! लग्नाआधी वडिलांनी शिकवलेली, परवाना आहे, तो मी वेळच्या वेळी नवा करून घेते. पण ह्यांचं म्हणणं, “तुझं लक्ष बोलण्यात असतं.” आणि खरं कारण वेगळंच होतं. एकदा बोलून गेले होते, “गाडीत दोनच प्रकार असतात. एक चालवणारा, दुसरं सामान.” ह्यांना सामान व्हायचं नव्हतं. कुणीही यावं, लॉन्ड्री न्यावी, घर न्यावं, पण हातातलं चाक नेऊ नये, अशी त्यांची तऱ्हा.

तर झालं काय, शहराच्या मधल्या भागात धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना बंदी आली. आमचे दोन्ही मोठे दवाखाने नेमके मधल्या भागात. आमची म्हातारी गाडी धूर सोडायची नाही, ओकायची. हे महिनाभर म्हणत राहिले की ही बंदी नवी गाडी विकणाऱ्यांनीच आणलीय. शेवटी एकदाचे कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. काचेची भिंत, आत थंडगार, आणि समोर टाय लावलेला एक गुळगुळीत माणूस. त्याचं नाव पहिल्याच मिनिटाला ह्यांनी ‘टायवाला’ ठेवलं.

“ही पांढरी व्हॅन. किंमत?” ह्यांनी विचारलं.

“किंमत नाहीये सर. आम्ही आता गाडी विकत नाही.”

हे माझ्याकडे वळले. “चल गं.”

“अहो, ऐकून तर घ्या!”

टायवाला हसला. “सर, तुम्हाला गाडी हवीय की कपडे वेळेवर पोचायला हवेत? गाडी आमची. विमा आमचा, टायर आमचे, दुरुस्ती आमची. बंद पडली तर दुसरी दारात उभी करू. तुम्ही महिन्याला ठरलेलं भरायचं आणि चालवायची. आम्ही लोखंड विकत नाही सर, निश्चिंती देतो.”

“निश्चिंती,” हे म्हणाले. “ती कुठल्या गोदामात ठेवता?”

मला हसू आलं, पण दाबलं. टायवाल्याने खुर्ची ओढली, पाणी मागवलं आणि समजावून सांगायला बसला. म्हणे, आता सगळ्याच कंपन्या ह्या वाटेने चालल्यात. पूर्वी गाडी विकली की कंपनीचा संबंध संपायचा. आता गाडी जितकी जास्त दिवस विनातक्रार पळेल तितका कंपनीचा फायदा. म्हणजे तुमचं आणि आमचं हित एकच.

मला ते पटलं. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. तर हे भडकले. “हित एकच? अगं, विकणारा एकदाच फसवतो आणि जातो. हा तर दर महिन्याला घरी येणार! जो आपलं हित आपल्यापेक्षा जास्त बघतो ना, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.”

पण लांब राहून जाणार कुठे? आणखी दोन कंपन्यांचे उंबरे झिजवले. तिथेही तेच: वेगळा टाय, तेच पाणी, तीच निश्चिंती. शेवटी पहिल्याच शोरूमला परत आलो. सही करायच्या आधी ह्यांनी पेन हातात धरून ठेवलं.

“चालवणार कोण?”

“तुम्हीच सर.”

“कायम?”

“तुम्हाला चालवायचीय तोपर्यंत.”

“ऐकलंस ना?” हे मला म्हणाले. “तू साक्षीदार.” मग सही केली.

गाडी आली. पांढरी, बिनआवाजाची, समोर टीव्हीसारखा हातभर पडदा आणि आरशाच्या वर एक काळा बारीक कॅमेरा, चालवणाऱ्याच्या तोंडावर रोखलेला. ह्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग मी काही केलंय की काय अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. त्यात भर म्हणून सीट गरम करायची सोय. सोय गाडीत बसवलेलीच होती, पण महिन्याला वेगळे पैसे भरले तरच चालू व्हायची.

“म्हणजे चूल आपल्या घरात आणि काडी त्यांच्या खिशात!” हे ओरडले. “उद्या हॉर्नसुद्धा महिन्यावर देतील बघ.”

आणि मग आली पान्हेवाली. कंपनीची दुरुस्ती करणारी पोरगी, तिशीच्या आतली, स्वतःची छोटी गाडी घेऊन फिरणारी, कमरेला पान्ह्यांचा पट्टा. एका सकाळी न बोलावता दारात हजर.

“काका, मागच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचेत.”

“कुणी सांगितलं? ब्रेक उत्तम लागतो.”

“आत्ता लागतो. पुढच्या महिन्यात लागला नसता. गाडीने कळवलं आम्हाला.”

ती कामाला लागली आणि हे आत येऊन माझ्या कानाशी कुजबुजले, “आजारी पडायच्या आधीच डॉक्टर दारात आला ना, की समजावं आजार त्यानेच आणलाय.”

त्या दिवसापासून पान्हेवाली आली की हे स्टूल घेऊन तिच्या शेजारी. डोळ्यांत तेल घालून पहारा. ती एक नट काढणार, हे तो मोजून घेणार. काढलेले जुने भाग हे मागून घ्यायचे आणि इस्त्रीच्या टेबलाखाली बादलीत टाकायचे. कशाला, तर पुरावा. पोरगी चांगली होती बिचारी. रागवायची नाही. “घ्या काका, बादली भरली की मोठी आणा,” म्हणायची. मी तिला चहा द्यायचे, तर तेही ह्यांना खुपायचं. “चहा घेऊन कोण किती खरं बोलतं ते मला माहीत आहे.”

मला विचाराल तर गाडी झकास होती. बंद पडायची नाही, धूर नाही, आवाज नाही. दवाखानेवाले खूश. पण ह्यांची तक्रार थांबेना. एके दिवशी डाव्या बाजूचा आरसा फुटून आला. “टेलरने स्कूटर काढताना फोडला असणार. म्हणूनच हसत होता त्या दिवशी!” पान्हेवाली आली, आरसा बदलून गेली. प्लॅनमध्येच होतं, आम्हाला काही पडलं नाही. मग डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. मग पुन्हा डावाच आरसा. आता ह्यांनी टेलरला सोडलं आणि गाडीला धरलं.

“ही आपोआप डावीकडे ओढते. आणि मध्येच स्वतःच ब्रेक मारते. मी मारत नाही, ही मारते! आतून कुणीतरी खेळतंय.”

“कोण खेळणार अहो? कुणाला एवढा वेळ आहे?”

“ज्यांची गाडी आहे त्यांना.”

त्याच सुमारास घरातही ह्यांचं बिनसलेलं असायचं. घडी घालताना मी टोक पुढे केलं की ह्यांचा एक हात बरोबर यायचा आणि दुसरा रिकामाच हवेत. चादर जमिनीला लागायची. धुतलेली, खळ दिलेली चादर! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “लक्ष कुठे असतं तुमचं?” तर उलट मलाच, “तू मुद्दाम खाली धरतेस.” मी मुद्दाम! बायकोवरही संशय, म्हटलं आता हात टेकले. दोन दिवस अबोला. घड्या वाकड्या बसल्या, आणि दवाखान्याच्या बाईंनी फोन करून ऐकवलं ते वेगळंच.

मग तो संदेश आला. करार दोघांच्या नावावर, त्यामुळे दोघांच्याही फोनवर आला. फुलं, फुगे, हसरा चेहरा आणि खाली: ‘आता गाडीसोबत चालकही! तुमच्या वापराचा अभ्यास करून खास तुमच्यासाठी निवडलेला प्लॅन. आमचा प्रशिक्षित चालक, तुमची निश्चिंती.’

हे खुर्चीत बसूनच राहिले. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता ओरडतील, पण आवाज बारीक आला.

“बघितलंस? हेच पाणी मुरत होतं. आधी गाडी आपली राहिली नाही. आता चालवणाराही आपला नको. मला उतरवणार हे.”

“अहो, जाहिरात आहे. हजार लोकांना पाठवली असेल.”

“खास तुमच्यासाठी लिहिलंय. तू साक्षीदार होतीस. तुम्हाला चालवायचीय तोपर्यंत, म्हणाला होता.”

आठवड्याने तोच संदेश पुन्हा. मग पुन्हा. दर वेळी सवलत वाढलेली. ज्या माणसाला फुकटातली सुईसुद्धा टोचते त्याला वाढती सवलत म्हणजे काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. जेवणात लक्ष लागेना. गाडीतून उतरायचे ते किल्ली मुठीत आवळूनच, रस्त्यात कुणी हिसकावून घेईल अशी. आणि खरं सांगते, आता मलाही कसंतरीच वाटायला लागलं होतं. एकदा पाठवली ती जाहिरात. पुन्हा पुन्हा एकालाच पाठवतात ते काय असतं? शेजारच्या टेलरनेही त्याच कंपनीची छोटी गाडी घेतली होती. मी त्याला सहज विचारलं. त्याला असा संदेश एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्या काळ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. गुपचूप. दवाखान्याचे सगळे गठ्ठे गाडीत भरले, ऐटीत बसले, बटण दाबलं. गाडी हलेना. पडद्यावर अक्षरं: ‘चालक दिसत नाही.’

“दिसत नाही म्हणजे? हा काय बसलोय!” हे गाडीशी भांडत होते. मी दारात उभी. तिकडे दवाखान्यातून फोनवर फोन. पलंग उघडे पडलेत, पेशंट बाकावर बसवलेत, चादरी कुठे आहेत? मी काय सांगणार, माझा नवरा आणि गाडी एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून?

पान्हेवाली आली. आत डोकावली, चिकटपट्टी बघितली आणि नखाने सोलून काढली. गाडी चालू झाली. इथे खरं तर संपायला हवं होतं. पण हे गप्प बसतील तर ना!

“सांग तुझ्या साहेबांना,” हे म्हणाले, “मला उतरवायचं असेल तर समोर या. गाडीकडून ब्रेक मारून घेताय, आरसे फोडताय, माझं नाव खराब करताय. आणि तू! तूच इथे बसून काहीतरी फिरवून जातेस.”

एवढे दिवस हसत ऐकणारी पोरगी त्या दिवशी चिडली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

“काका, मी पार्ट बदलते. माणसं बदलत नाही. आणि तुमचं नाव मी खराब करायची गरज नाही. गाडी आली त्या महिन्यापासून बघतेय मी. जे होतं ते डाव्या बाजूलाच होतं. डावीकडून माणूस आला, सायकल आली, की तुम्ही ब्रेक मारतच नाही. गाडी मारते. उजवीकडे एकदाही नाही. तुमचं उजवीकडचं चालवणं आमच्या सगळ्या गाड्यांत एक नंबर आहे.”

मीच बोलले.

“पहिल्या महिन्यापासून?”

“हो काकू.”

“मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?”

तिने पट्टा सारखा केला. माझ्याकडे बघवेना तिला. “सांगतात ना. चालकाचे आकडे खाली गेले की सिस्टिम आपोआप प्लॅन पाठवते. तुम्हाला आला असेल. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच आहे.”

मला एकदम चादरीचं ते टोक आठवलं. गाडीतल्या गठ्ठ्यातून मी वरची चादर ओढली, तिथेच रस्त्यावर. “अहो, धरा.”

“आत्ता? दवाखाना खोळंबलाय आणि तुला...”

“धरा म्हणते ना!”

धरली. मी दोन्ही टोकं पुढे केली. ह्यांनी उजव्या हाताने एक घेतलं. दुसरं टोक मी ह्यांच्या डाव्या बाजूला नेलं, वर, चांगलं खांद्याच्या उंचीला धरलं. खाली मुळीच नाही. ह्यांचा डावा हात ते शोधत माझ्या हाताखालून गेला. मी चादर पान्हेवालीकडे दिली, जवळ गेले आणि ओल्या तळव्याने ह्यांचा उजवा डोळा झाकला. भर सकाळ होती. रस्त्यावर लख्ख ऊन.

ह्यांनी हात पुढे करून चाचपडलं. मग म्हणाले, “दार का लावलंस गं?”

आम्ही रस्त्यावर उभे होतो. लावायला दार नव्हतंच.

त्या दिवशी चादरी मी पोचवल्या. किल्ली ह्यांनीच हातात दिली, मागावी लागली नाही. त्याचंच मला जास्त रडू आलं, पण चालवताना रडता येत नाही, म्हणून आवरलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. हा असाच येतो, दुखत नाही, खुपत नाही, हळूहळू बाजूबाजूने खातो. डाव्यातलं जवळजवळ गेलंय. उजव्यातही सुरुवात आहे, पण औषधाने तो धरून ठेवता येईल. गेलेलं परत येत नाही. मग ते सहज म्हणाले, “वर्षभर आधी आला असतात तर डाव्यातलं बरंच वाचलं असतं.” वर्षभर. गाडी आमच्याकडे येऊन वर्षच होत आलं होतं.

मी घरी आले आणि टायवाल्याला फोन लावला. मी भांडखोर बाई आहे, गल्लीला विचारा. पण त्या दिवशी ओरडलेही नाही. नुसतं विचारलं, “गाडीचा ब्रेक झिजायच्या आधी माणूस पाठवलात. टायरमधली हवा जरा उतरली तरी माणूस पाठवलात. आमच्या माणसाची नजर उतरत होती ती तुम्हाला दिसली, आणि तुम्ही जाहिरात पाठवलीत?”

“मॅडम, वाईट वाटलं ऐकून. पण आमच्याकडे डोळ्यांची माहिती नसते, फक्त आकडे असतात. ते कुणी बसून बघत नाही. आणि गाडीच्या प्रत्येक भागाची जबाबदारी आमची आहेच, पण चालक...” तो जरा अडखळला, “चालक तुमच्या प्लॅनमध्ये येत नव्हता.” मग लगेच म्हणाला, “ह्या परिस्थितीत चालकाच्या प्लॅनवर मी वरून आणखी सवलत मिळवून देऊ शकतो.”

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

मला वाटलं होतं हे आता घर डोक्यावर घेतील. म्हणतील, मी सांगत नव्हतो? आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा संशय खरा निघाला होता. पण नाही. टेबलाखालची बादली पुढ्यात घेऊन बसले. जुने ब्रेक पॅड, फुटलेला आरसा, एकेक हातात घेऊन बघत होते. डाव्या हातातलं उजवीकडे आणून बघत होते.

“हे सगळं खरंच झिजलेलं होतं गं,” म्हणाले. “पोरगी खरं बोलत होती. गाडीसुद्धा खरं बोलत होती.” मग आरसा बादलीत ठेवत, “एवढ्या जगावर पहारा ठेवला मी. काखेत कळसा नि गावाला वळसा.”

“गप्प बसा,” मी म्हटलं.

कंपनीचा चालक आम्ही घेतला नाही. चाक माझ्याकडे आलं. हे शेजारी बसतात. पहिल्या दिवशी सीटचा पट्टा लावता लावता म्हणाले, “झालो सामान.” मी म्हटलं, “सामान बोलत नाही. तुम्ही गप्प बसून दाखवा, मग सामान म्हणेन.” गप्प कसले बसतात! त्या वळणाला हळू, हा रिक्षावाला घुसणार बघ, तुझं लक्ष बोलण्यात आहे. दवाखान्याच्या फाटकापाशी गठ्ठे मात्र स्वतःच उतरवतात आणि ओळखीच्या वॉर्डबॉयला सांगतात, “आज जरा हिला सरावाला दिलीय.” रोजच सांगतात. तोही रोज मान डोलावतो.

परवा पान्हेवाली आली, टायर बदलायला. हे स्टूल घेऊन बसले, पण पहाऱ्याला नाही. तिला चहा ह्यांनीच आणून दिला. पोरीने कपाकडे असं बघितलं, मला तर वाटलं आता तीच म्हणते की पाणी मुरतंय.

“एक विचारू?” हे म्हणाले. “आता गाडी ही चालवते. तो काळा डोळा हिच्याकडे बघत असतो. हिचं काय म्हणते गाडी?”

“काका, मला ते सांगायची...”

“मला कंपनीचं काही नको. हिचं सांग. मान, हात, झोप, नजर, काहीही. कुठे काही खालीवर दिसलं तर त्यांची जाहिरात यायच्या आधी मला सांग. एवढंच मागतो.”

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच तिने गाडीचे आकडे दाखवणारा आपला छोटा पडदा खिशातून काढला, बोट फिरवलं, नीट बघितलं. बघून झाल्यावर हसली. “काकूंचं सगळं ठीक आहे. एकदम ठीक.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही काका.”

ती गेली. आम्ही घड्या घालायला उभे राहिलो. आता आमची नवी रीत बसलीय. ह्यांच्या डाव्या बाजूचं टोक मी हवेत धरत नाही, पुढे होऊन हातात नेऊन देते. अर्धी घडी झाली तशी हे थांबले. चादर तशीच ताणून धरली.

“उद्या दवाखान्यात गठ्ठे टाकले की वरच्या मजल्यावर जाऊ. तुझी तपासणी करून घेऊ. डोक्यापासून पायापर्यंत.”

“अहो, आत्ता म्हणाली ना ती, सगळं ठीक आहे!”

“माझ्या वेळीही ते काही बोलले नव्हते,” हे म्हणाले, आणि चादरीला झटका दिला.